टिटवीनं अंडी कुठं घातली

माझ्या पक्षीनिरीक्षणाला दोघांनी हातभार लावला. दूध संघानं दुर्बीण दिली आणि दुष्काळानं वेळ दिला.

मी आमच्या गावच्या दूध संकलन केंद्राचा सेक्रेटरी होतो. गाव मांजरसुंब्याहून आत, माळावर. चांगल्या वर्षी सकाळी सहाला केंद्रासमोर चरव्यांची रांग लागायची. फॅट मशीनचा आकडा कमी आला की माणसं माझ्याशी भांडायची, मी त्यांच्याशी भांडायचो. दूध तापलं की टिकतं आणि माणूस तापला की नासतो, असं बायको मला लग्नापासून ऐकवत आली आहे. त्या वर्षी मात्र भांडायलाही कोणी उरलं नाही. आधी गाई गेल्या, मग म्हशी. काही बाजारात, काही छावणीत, काही पाणी असलेल्या पाहुण्यांकडे. सोयऱ्यांच्या दारी माणसांपेक्षा जनावरं जास्त दिवस मुक्कामाला राहिलेली मी तेव्हाच पाहिली. शेवटी केंद्रावर एकच चरवी येऊ लागली, आक्काची.

दुर्बिणीचं असं झालं की संघ दरवर्षी वर्धापनदिनाला सेक्रेटऱ्यांना भेटवस्तू द्यायचा. एका वर्षी भिंतीवरचं घड्याळ दिलं, एका वर्षी जेवणाचा डबा. त्या वर्षी दुर्बिणी दिल्या. का दिल्या हे कोणी विचारलं नाही. कुणाच्या तरी मेव्हण्याकडे माल पडून असणार. गळ्यात दुर्बिणी अडकवून पन्नासेक सेक्रेटरी सभेतून बाहेर पडले, तेव्हा बसस्टँडवरच्या लोकांना वाटलं सरहद्दीवर काहीतरी पेटलं.

बाकीच्यांनी दुर्बीण पाण्याचा टँकर बघायला वापरली. मीही तसंच करणार होतो, पण टँकरची वाट बघता बघता विजेच्या तारेवर दुभंगलेल्या शेपटीचा काळा कोतवाल पक्षी दिसला आणि टँकर डोक्यातून गेला. पुढे वही केली. रोज केंद्राच्या ओट्यावर बसून जे दिसेल ते लिहायचो. गावाला ते पटायचं नाही. मी टँकरच बघतो आणि पहिला हंडा माझाच लागावा म्हणून कुणाला सांगत नाही, अशी कुजबुज होती. एकदा एका म्हाताऱ्यानं विचारलं, काय दिसलं. मी खरं ते सांगितलं, कोतवाल तारेवर बसलाय. पाव तासात तारेखाली हे एवढं माणूस जमलं, कारण टँकरची यादी गावच्या कोतवालाकडे असायची आणि लोकांना वाटलं तो जाब चुकवायला खांबावर चढला. गर्दीत खुद्द कोतवालही मान वर करून उभा होता.

आक्का माझ्या नात्यातली नव्हे, गावाची आक्का. नवरा फार पूर्वी वारलेला, मुलगा आणि सून उसाच्या टोळीबरोबर पश्चिमेकडं गेलेली. घरी ती आणि एक म्हैस. त्या म्हशीचं काय करायचं हा त्या उन्हाळ्यातला तिचा एकमेव प्रश्न होता. पाऊस होणार असेल तर कसंही करून जूनपर्यंत जगवायची; होणार नसेल तर बाजारात अजून गिऱ्हाईक आहे तोवर विकायची. उशीर झाला तर म्हैस दावणीलाच मरणार आणि हाती दावं राहणार, हे तिनं मागच्या दुष्काळात पाहिलं होतं.

रेडिओवरच्या हवामानावर आक्काचा विश्वास नव्हता. ती टिटवीवर चालायची. आमच्याकडं जुन्या माणसांचा हिशेब असा, की टिटवीनं बांधावर, टेकाडावर, उंच जागी अंडी घातली तर पाऊस चांगला, आणि ओढ्यात-तळ्यात खोलगट जागी घातली तर दुष्काळ. जितकी अंडी तितके महिने. आक्का दरवर्षी स्वतः रानात जाऊन बघायची. त्या वर्षी डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि दवाखान्याचं शिबिर पुढं ढकललं गेलं होतं. तेव्हा तिनं ते काम माझ्या दुर्बिणीवर सोपवलं. शिवरात्रीपासून रोज चरवी ठेवताना विचारायची, टिटवीनं अंडी घातली का, आणि कुठं.

यात माझाही जीव अडकला होता, ते आत्ताच सांगून टाकतो. सलग पंधरा दिवस केंद्रावर दूध आलं नाही तर संघ केंद्र बंद करायचा, असा नियम होता. आक्काची म्हैस गेली की केंद्र गेलं, आणि केंद्र गेलं की मी घरी.

याच दिवसांत संघाच्या परदेश दौऱ्याची यादी लागली. हा दौरा मुळात दुष्काळातला नव्हता. चार वर्षांपूर्वी, दुधाचा पूर आलेला असताना, हॉलंडला जाऊन जास्त दूध कसं काढतात ते बघावं असा ठराव झाला होता. ठराव या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला आणि मंजुरी घेऊन परत आला तोवर जिल्ह्यात दूधच उरलं नव्हतं. मंजुरी वाया घालवू नये म्हणून संचालक निघाले. यादीत शेवटचं नाव माझं होतं आणि मी चक्रावलो, कारण परदेशी जाण्याइतकं मी काहीही केलेलं नव्हतं.

उलगडा नंतर झाला. संघानं सेक्रेटऱ्यांकडून माहितीचे फॉर्म भरून घेतले होते. 'विशेष पात्रता' या रकान्यात मी हौसेनं 'पक्षीनिरीक्षक' लिहिलं. शाळेतले गुरुजी म्हणतात तिथं पहिली वेलांटी पाहिजे. मी दुसरी दिली होती. संघाच्या टायपिस्टनं एकही दिली नाही. यादी वर गेली ती 'पक्षनिरीक्षक' अशी. संघाची निवडणूक तोंडावर होती. तिकिटं कुणाला द्यायची हे ठरवायला वरून पक्षनिरीक्षक येतो, हे आमच्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तो आधीच येऊन, सेक्रेटरी होऊन, आपल्याच केंद्रात दूध मोजत बसलाय म्हटल्यावर चेअरमनची झोप उडाली.

तोवर चेअरमन मला "ए सेक्रेटरी" म्हणायचे. आता खुर्ची आली, चहा आला, "तुमी" आलं. मी खुलासा करायचा प्रयत्न केला, देवाशपथ केला. साहेब, मी निरीक्षक आहे तो त्या अर्थानं नाही, एवढं बोललो की ते माझा हात दाबायचे.

"समजलं. बोलू नका. भिंतीला कान असत्यात."

कोणत्या पक्षाचा, हे मला एकाही माणसानं विचारलं नाही. प्रत्येकाला वाटलं आपल्याच. पासपोर्टच्या चौकशीला आलेला हवालदारसुद्धा जाताना दारात थांबला आणि हळूच सांगून गेला की त्याचा भाचा इच्छुक आहे.

निघायच्या आठवडाभर आधी टिटवी सापडली. तिची जोडी माझ्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तेव्हाच मला कळलं की घरटं जवळ आहे. मी आटलेल्या पाझर तलावात उतरलो होतो. चिखल वाळून फरशीसारखे तुकडे झाले होते आणि त्यांतच, तलावाच्या बरोबर मध्यभागी, म्हशीच्या जुन्या खुराच्या खळग्यात चार अंडी होती. याहून खाली जायचं तर टिटवीला विहीर खणावी लागली असती.

दुसऱ्या दिवशी आक्कानं विचारलं.

"अजून घातली न्हाईत, आक्का," मी म्हणालो.

मी खोटं बोललो. पक्ष्यांनी पावसाचं भाकीत करणं ही अंधश्रद्धा आहे, तिच्यापायी म्हातारीनं म्हैस विकू नये, असं मी स्वतःला सांगितलं. ते सगळं थोतांड. मी माझ्या नोकरीसाठी खोटं बोललो. आक्का "बरं" म्हणाली, मोकळी चरवी घेऊन गेली, आणि पुढचे सहा दिवस रोज विचारत राहिली. रोज मी तेच सांगितलं.

दौऱ्याला आम्ही नऊ जण होतो: चेअरमन, सात संचालक आणि मी. मुंबईला जाताना गाडीत मला डुलकी लागली आणि मांडीवरची वही चेअरमनच्या हाती पडली. जाग आली तेव्हा ते गंभीर चेहऱ्यानं वाचत होते. पान आमच्या गावचं होतं. खाटीक तीन. शिंपी दोन, जोडीनं. सुतार एक, आजारी वाटला. धोबी फक्त हिवाळ्यात. कोतवाल सगळीकडे. आता पक्ष्यांची नावं आपल्या वाडवडिलांनी अशी ठेवली, त्याला मी काय करणार. काटेरी झुडपावर किडे टोचून ठेवणारा तो खाटीक, पानं शिवणारा तो शिंपी, खोड ठोकणारा तो सुतार.

"शिंपी दोनच धरले?" चेअरमन हळू आवाजात म्हणाले. "आपल्या बाजूची सहा घरं हायेत तुमच्या गावात."

मी म्हणालो, मला दोनच दिसले. ते खिन्न झाले. मग त्यांनी गावातल्या आपल्या माणसाला फोन लावला आणि सुताराला ताबडतोब बीडच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. नंतर कळलं, त्याला खरंच नेलं. तो ठणठणीत होता आणि मला काही झालेलं नाही असं शेवटपर्यंत सांगत होता, पण त्याला एक दिवस सलाईन लावून ठेवलंच.

हॉलंडमध्ये पहिल्या दिवशी जिकडं बघावं तिकडं पाणी होतं. रस्त्याच्या कडेला पाणी, शेताच्या बांधाला बांध नाहीच, त्याऐवजी पाण्याचा चर. एका संचालकांनी बूट काढून चरात पाय धुतले, चूळ भरली, हात जोडले. गेवराईकडचे एक संचालक वाळूतले जाणकार होते. समुद्रकिनारी त्यांनी मूठभर वाळू उचलली, चोळून बघितली आणि हा पट्टा कुणाच्या नावावर आहे ते विचारलं. दुभाषी म्हणून पुण्याहून तिकडं शिकायला गेलेली एक मुलगी होती. तिनं सांगितलं की कुणाच्याच नाही. ते बराच वेळ किनाऱ्याकडं बघत उभे राहिले.

ज्या शेतकऱ्याकडं आम्हाला नेलं तो सत्तरीचा, उंच, लाल तोंडाचा, तिथल्या दूध सहकारी संस्थेचा जुना सभासद. त्याच्या गोठ्यात यंत्रच गाईंची धार काढत होतं. आमच्यातल्या कुणाचं तिकडं लक्ष लागेना. गोठ्यामागं एक पंप घरघरत होता. हा कशाचा, असं चेअरमननी विचारलं. मुलीनं सांगितलं, रानातलं पाणी बाहेर फेकायचा. तो कायम चालू ठेवावा लागतो, नाहीतर रान बुडतं. आमच्यातले एक जण म्हणाले, पाणी फेकून देतात हे म्हाताऱ्याला शोभत नाही.

मी दुर्बीण घेऊन कुरणाच्या कडेला गेलो. आणि तिथं टिटवी दिसली. आपली, डोळ्यांपाशी लाल पाळी असलेली नव्हे. हिच्या डोक्यावर लांब शेंडी, पाठीवर हिरवट झाक, पण चाल तीच, कांगावा तोच, घरट्यापासून माणसाला लांब न्यायचा कावा तोच. इतक्या लांब येऊन गावातलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. शेतकरी माझ्या मागं येऊन उभा राहिला होता. त्यानं मला हातानं थांबवलं आणि गवतात रोवलेल्या दोन काठ्या दाखवल्या. काठ्यांच्या मधे घरटं होतं. मुलीनं सांगितलं, गवत कापायच्या आधी गावातली माणसं कुरणात फिरून घरटी हुडकतात आणि काठ्या लावतात. मग ट्रॅक्टर वळसा घालून जातो आणि तेवढं गवत उभं राहतं. म्हाताऱ्याच्या लहानपणी वसंतात पहिलं अंडं कुणाला सापडतं याची चढाओढ असायची. एकदा ते त्याला सापडलं होतं, हे सांगताना त्याचं तोंड आणखी लाल झालं.

तेवढ्यात चेअरमन आले. या देशात पहिल्यांदाच त्यांना कळण्याजोगं काहीतरी दिसलं होतं. धोतर सावरून ते गुडघ्यांवर बसले आणि अंडी मोजली. चार.

"हे रान समुद्रापरीस किती उंच हाय, ते इचार त्यांना."

शेतकरी हसला. त्यानं एक हात डोक्यावर धरला, मग तो आणखी वर नेला. मुलगी म्हणाली, उंच नाही, खाली आहे. समुद्राचं पाणी आपल्या डोक्यावरून दीड-दोन पुरुष वर आहे, बांध घालून अडवलंय.

चेअरमननी टोपी काढली. बाकीचे संचालकही एकेक करून पुढं आले, घरटं बघून मागं सरले. आमच्या तलावातली टिटवी फार तर पाच हात खाली उतरली होती. ही समुद्राच्या तळाशी जाऊन बसली होती.

"एवढा मोठा दुष्काळ आपल्याकडं बी कधी पडला न्हाई," चेअरमन म्हणाले.

बसमध्ये संचालक मंडळाची तातडीची बैठक झाली. गणसंख्या पूर्ण होती. यजमान शेतकऱ्यास येणाऱ्या संकटाची वेळीच कल्पना द्यावी आणि भाव पडण्याआधी जनावरं विकण्याचा सल्ला द्यावा, असा ठराव सूचक-अनुमोदकासह एकमतानं मंजूर झाला. मी तो लिहून घेतला. मग खाली उतरून मुलीनं ओठ चावत तो म्हाताऱ्याला सांगितला, पण म्हातारा हसला नाही. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि किती महिने, एवढंच विचारलं. अंडी चार, तेव्हा चार महिने, असं चेअरमननी सांगितलं.

पुढची गोष्ट आधी सांगतो, नाहीतर राहून जाईल. त्या उन्हाळ्यात तिकडं खरोखरच पावसानं दडी मारली. म्हाताऱ्यानं पिवळ्या पडलेल्या कुरणाचा फोटो पाठवला आणि पुढच्या वर्षीची अंडी फोटोवरून बघून मिळतील का, अशी विचारणा केली. तो फोटो चेअरमननी चौकट करून ऑफिसात लावला. निवडणुकीत त्यांच्या विरोधात कुणी फॉर्म भरला नाही. दुसऱ्या देशाचा दुष्काळ आधी सांगणाऱ्या माणसाविरुद्ध कोण उभं राहणार.

पण त्या दिवशी बसमध्ये सगळे ठरावावर सह्या करत होते, तेव्हा मी खिडकीतून त्या दोन काठ्या बघत होतो आणि मला स्वतःची लाज वाटत होती. परक्या देशात टिटवी कुठं बसली हे माणसं काठी रोवून एकमेकांना सांगत होती. मी आमच्या तळ्यातली टिटवी एका डोळे गेलेल्या बाईपासून लपवून आलो होतो. गेल्या गेल्या आक्काला खरं सांगायचं आणि केंद्राचं व्हायचं ते होऊ दे, असं मी ठरवलं. परतताना विमानतळावर धीर करून चेअरमनपुढं विषयही काढला, म्हटलं, आमचं केंद्र बहुतेक बंद पडणार. ते दचकले. तुमचं केंद्र बंद करायची कुणाची हिंमत आहे, दूध येवो नाहीतर न येवो, असं म्हणाले आणि त्यांनी पुन्हा माझा हात दाबला. मला ते तेव्हा फार गमतीचं वाटलं. एवढे दिवस जिच्यासाठी खोटं बोललो ती नोकरी एका वेलांटीनं परस्पर पक्की केली होती.

मी गेलो तेव्हा केंद्र बायकोकडं सोपवलं होतं. तिला मशीन चालवता येत होतं. घरी आलो, आंघोळ केली आणि सवयीप्रमाणे दुधाचं रजिस्टर उघडलं. बारा दिवस आक्काचं दूध आलं होतं, एक दिवसही खाडा नव्हता. फॅटच्या रकान्यात पहिल्या दिवशी तीन, दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशी तीन, बाराही दिवस तीन.

माझं डोकं फिरलं. म्हशीच्या दुधाला सहा-साडेसहा लागते. चारा नसला तर थोडी उतरते, पण जगातली कोणतीही म्हैस रोज सारखाच आकडा देत नाही. आज खाल्लं काय, पाणी प्याली किती, रात्री कुत्रं भुंकलं का, सगळं त्या आकड्यात उतरतं. आक्का पाणी घालायला लागली, आणि तेही मापून, असं माझ्या मनानं घेतलं. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, मशीननं दाखवलं ते मी लिहिलं, बाकीचं तुम्ही आक्कालाच विचारा. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मी तसाच तणतणत निघालो. खरं सांगायला जायचं होतं ते बाजूलाच राहिलं, मी भांडायला चाललो होतो.

आक्का उंबऱ्यात बसली होती. दावणीला म्हैस नव्हती. शेण वाळून गेलं होतं, म्हणजे बरेच दिवस नव्हती. भिंतीला टेकून दुधाच्या प्लॅस्टिकच्या मोकळ्या पिशव्या धुऊन उपड्या वाळत घातल्या होत्या. त्यांच्यावर आमच्याच संघाचा शिक्का होता.

मग एकेक कळत गेलं. मी निघालो त्याच्या आदल्या दिवशीच तिनं म्हैस विकली होती. सकाळच्या एसटीचा कंडक्टर मांजरसुंब्याच्या दुकानातून तिला रोज तीन पिशव्या आणून द्यायचा. ती त्या चरवीत ओतायची आणि केंद्रावर आणून घालायची. पिशवीच्या दुधाची फॅट कारखान्यात तीनवर बांधलेली असते, म्हणून आकडा हलत नव्हता. संघाचं दूध पिशवीतून चरवीत, चरवीतून कॅनमध्ये, कॅनमधून टेम्पोनं पुन्हा संघात चाललं होतं. त्याच दुधाची पुन्हा पिशवी होऊन ती पुन्हा आक्काकडं आली नसेल असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

मी विचारलं, हे कशापायी केलं.

"पंधरा दिस दूध न्हाई आलं की केंद्र बंद करत्यात म्हनं. तू तिकडं परमुलखात. तुज्या बायकोनं काय करावं?"

"म्हैस कधी विकायची ठरवली?"

"टिटवी तळ्यात वरडायली तवाच. डोळे गेल्यात माजे, कान हायेत की. रोज तळ्यातूनच वरडायची. तू न्हाई म्हनायचास. म्हनलं, लेकराला काम जायचं भ्या वाटायलंय. म्हनून दूध चालूच ठिवलं."

मी तिच्याजवळ उंबऱ्यात बसलो आणि केंद्र बंद होणार नाही, चेअरमननी शब्द दिलाय, आता एक पिशवीही आणायची नाही, असं तिला चार वेळा सांगितलं. चेअरमनचा शब्द मोडताना मीच पाहिलाय, असं ती म्हणाली. वेलांटीचं सांगितलं तर तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. वर तिचं म्हणणं असं की यात लबाडी कसलीच नाही. म्हैस विकून आलेल्या पैशाचं दूध आहे, म्हणजे ते म्हशीचंच दूध झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती चरवी घेऊन ओट्यावर हजर. मी दूध मशीनला लावलं. फॅट तीन आली. चांगलं, स्वच्छ, संघानंच तपासून पाठवलेलं दूध होतं. मी चरवीवर झाकण ठेवलं आणि ती परत तिच्याकडं सरकवली.

"नापास हाय, आक्का," मी म्हणालो.

नापास म्हणजे दूध परत न्यायचं. पाणी घातलेलं नाहीतर नासलेलं असलं की सेक्रेटरी तसं म्हणतो. तीस वर्षांत तिचं दूध एकदाही नापास झालं नव्हतं. तिनं पुन्हा लाव म्हटलं. मी पुन्हा लावलं आणि पुन्हा नापास म्हणालो. तिनं चरवीत बोट बुडवून चाखून बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं, पण तिला माझं तोंड नीट दिसत नव्हतं. मग तिनं पदर डोक्यावर घेतला, चरवी काखेला मारली आणि जाता जाता, मला ऐकू जाईल अशी, बायकोला म्हणाली,

"ह्याला माज आलाय, परदेशाचा."

पुन्हा ती केंद्रावर आली नाही. संघानं केंद्र बंद केलं नाही, आणि पुढची दोन वर्षं मी त्या ओट्यावर रिकामं मशीन पुसून पगार घेतला. आक्का रस्त्यात भेटली की मी हाक मारायचो. माझा आवाज ती ओळखायची आणि ओ द्यायची नाही.